पेशीतील 'कंडेम' विभाग आणि रक्तातील कोलेस्टेरॉल

आपल्या रुग्णालयाच्या लिनन रूममध्ये वॉर्डांतून आलेल्या चादरींची रोज निवड होते. धड असतील त्या धुलाईस जातात. फाटलेल्या 'कंडेम' म्हणून वेगळ्या नोंदवहीत चढतात. चांगली चादर चुकून कंडेममध्ये गेली, तर एखाद्या खाटेवर ती कमी पडते. वाणिज्य शाखेच्या मजसारख्या पदवीधराने पेशीविषयी लिहिण्याचे धाडस केले ते या साम्यामुळेच.

पेशीतील कंडेम विभाग म्हणजे लयकारिका. बेल्जियमचे शास्त्रज्ञ ख्रिश्चन द ड्यूव्ह यांनी १९५५ साली तिचे नामकरण केले. पेशीपटलावरील जी प्रथिने मोडीत काढावयाची, त्यांपैकी अनेकांना युबिक्विटिन नामक चिमुकल्या प्रथिनाची चिठ्ठी लागते व त्यांची रवानगी लयकारिकेकडे होते.

यकृताच्या पेशीपटलावर, ज्यास आपण 'वाईट' कोलेस्टेरॉल म्हणतो त्या एलडीएलचे कण पकडणारी ग्राही प्रथिने असतात. असे प्रथिन कणासह एन्डोसोम या आतील पिशवीत शिरते. तेथील आम्लतेने पकड सुटते. कण लयकारिकेत जाऊन पचतो आणि ग्राही प्रथिन पटलावर परतते. एकेक ग्राही आपल्या हयातीत शंभराहून अधिक खेपा करते! या संशोधनाबद्दल ब्राउन व गोल्डस्टीन यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक लाभले.

२००३ साली मात्र एक निराळाच कारकून उजेडात आला : पीसीएसके-९ हे प्रथिन. ते ग्राहीला चिकटले की आम्लातही सुटत नाही आणि धडधाकट ग्राही थेट लयकारिकेत जाते. फ्रान्समधील काही कुटुंबांत हे प्रथिन जन्मतःच अतिउत्साही आढळले. त्यांच्या रक्तात एलडीएल साचून राहत असे. उलट, ज्यांच्यात ते जन्मतः दुबळे असते त्यांना हृदयविकार फारच कमी होतो, असे पुढे अमेरिकेत दिसून आले. त्यावरूनच पीसीएसके-९ ला अडविणारी इंजेक्शने निघाली व २०१५ मध्ये वापरात आली. ती महाग आहेत, हे हिशेब पाहणाऱ्यास सांगावयास नको.

आनुवंशिक अतिकोलेस्टेरॉलाचा दोष साधारणतः अडीचशे जणांत एकास असतो. बहुतेकांत मूळ ग्राहीच सदोष असते. पीसीएसके-९ चा दोष विरळा. दोन्हींत अनेकदा बाहेरून काही दिसत नाही आणि ऐन चाळिशीत हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. आई-वडिलांपैकी एकास हा दोष असल्यास प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून तरुण वयात झटका आलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांना आमची विनंती, की रुग्णास घरी नेण्यापूर्वी त्याच्या भावंडांची व मुलांची लिपिड तपासणी करून घ्यावी. एवढ्यासाठी रक्ताचा एक नमुना पुरतो.