हलक्या दुहाती फ्लाय रॉडसाठी दोरीची निवड

हलका दुहाती फ्लाय रॉड ही ट्राउटसारखे मासे गळाने धरण्यासाठी वापरली जाणारी, दोन्ही हातांनी चालवायची लवचिक काठी आहे. तिची लांबी साधारणतः साडेदहा ते साडेअकरा फूट असते. पिसे, केस व धागे गळाला बांधून कीटकासारखे किंवा लहान माशासारखे जे आमिष तयार करतात, त्यास 'फ्लाय' म्हणतात. फ्लायला स्वतःचे वजन जवळजवळ नसते. त्यामुळे ती दूर फेकण्याचे काम दोरीचे वजन करते. दोरीच्या ओढीने काठी वाकते आणि सरळ होताना दोरी पुढे फेकते. म्हणूनच या प्रकारच्या मासेमारीत दोरी चुकीची असेल, तर उत्तम काठीही निरुपयोगी ठरते.

पार्श्वभूमी

दुहाती फेकीची परंपरा स्कॉटलंडमधील स्पे नदीवर १९व्या शतकात विकसित झाली. तेथे काठावरील झाडी व उंच दरडी यांमुळे दोरी मागे पूर्ण पसरवून फेकणे शक्य नसे. त्यावर उपाय म्हणून सॅमन धरणाऱ्यांनी दोरीचे टोक पाण्यावर टेकवून, काठीच्या मागे केवळ एक वळसा तयार करून फेकण्याची रीत अवलंबिली. हीच 'स्पे फेक' होय. सॅमनसाठीच्या काठ्या बहुधा साडेबारा ते पंधरा फूट लांबीच्या असतात. तीच रीत लहान नद्यांवर व लहान माशांसाठी वापरता यावी म्हणून पुढे हलक्या दुहाती काठ्या प्रचारात आल्या.

क्रमांक आणि प्रत्यक्ष वजन

प्रत्येक काठीवर दोरीचा क्रमांक छापलेला असतो. एकहाती काठ्यांसाठी हा क्रमांक दोरीच्या पहिल्या ३० फुटांच्या वजनावरून ठरतो व ते वजन 'ग्रेन' या जुन्या ब्रिटिश मापात सांगतात. १ ग्रॅम म्हणजे सुमारे १५.४ ग्रेन. या मानकानुसार क्रमांक ३ च्या दोरीचे वजन १०० ग्रेन, क्रमांक ५ चे १४० ग्रेन आणि क्रमांक ८ चे २१० ग्रेन असते.

दुहाती काठीवरील क्रमांकाचा अर्थ मात्र निराळा आहे. क्रमांक ३ च्या दुहाती काठीला लागणारे दोरीच्या पुढच्या भागाचे वजन बहुधा २२५ ते ३०० ग्रेनच्या दरम्यान असते. याची कारणे दोन. एक म्हणजे येथे पहिल्या ३० फुटांचे नव्हे, तर संपूर्ण पुढच्या भागाचे वजन धरतात. दुसरे म्हणजे स्पे फेकीत दोरीचा काही भाग पाण्यावर टेकलेला असल्याने काठी वाकवण्यासाठी अधिक वजन लागते. व्यवहारात दुहाती क्रमांक हा त्याच एकहाती क्रमांकापेक्षा दोन ते तीन पायऱ्या वरचा मानतात. म्हणून काठीवरील व दोरीच्या वेष्टनावरील क्रमांक जुळवण्याऐवजी काठीच्या निर्मात्याने सुचवलेले ग्रेनमधील वजन पाहणे अधिक विश्वसनीय ठरते. केवळ क्रमांक पाहून एकहाती दोरी घेणाऱ्या नवशिक्याला काठी वाकल्याचे जाणवतच नाही आणि दोष आपल्या हातांचा आहे, असा त्याचा समज होतो.

दोरीचे प्रकार

दोरीच्या पुढच्या जाड व जड भागास 'हेड' आणि त्यामागील बारीक दोरीस 'रनिंग लाईन' म्हणतात. हेडचे दोन प्रकार प्रमुख आहेत.

स्कँडी: स्कँडिनेव्हियात विकसित झालेले हे हेड टोकाकडे हळूहळू निमुळते होत जाते. त्याची लांबी काठीच्या सुमारे अडीच ते तीन पट असते. ते पाण्यावर अलगद उतरते, त्यामुळे लहान व हलक्या फ्लायसाठी आणि संथ, नितळ पाण्यासाठी सोयीचे असते.

स्कॅजिट: अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातून वाहणाऱ्या स्कॅजिट नदीवरून हे नाव पडले. हे हेड आखूड, जाड व बोथट असते. हलक्या काठ्यांसाठी ते बहुधा १२ ते २० फूट लांबीचे असते. त्याच्या टोकाला बुडणाऱ्या किंवा तरंगणाऱ्या दोरीचा वेगळा तुकडा जोडावा लागतो. जड फ्लाय, वेगवान प्रवाह व मागे अगदी थोडी जागा असेल तेथे ते उपयोगी पडते. या फेकीत दोरी पाण्यावर अधिक वेळ टेकून राहते व ती उचलण्यास जोर लागतो. त्यामुळे त्याच काठीसाठी स्कॅजिट हेड स्कँडीपेक्षा काहीसे जड घेतात.

यांखेरीज हेड व रनिंग लाईन अखंड असलेल्या दोऱ्याही मिळतात. त्यांत जोडाची गाठ काठीच्या कड्यांत अडकत नाही. मात्र परिस्थितीनुसार केवळ हेड बदलण्याची सोय नसते.

निवडीचा क्रम

प्रथम फ्लायचा आकार, पाण्याची खोली व मागची मोकळी जागा पाहून हेडचा प्रकार ठरवावा. त्यानंतर वजन व शेवटी लांबी निश्चित करावी. उदाहरणार्थ, ११ फुटी क्रमांक ३ च्या काठीने रुंद, संथ नदीत पृष्ठभागाजवळ लहान फ्लाय फिरवायची असल्यास २५० ग्रेनच्या आसपासचे, सुमारे ३० फुटी स्कँडी हेड योग्य ठरते. त्याच काठीने झाडीखालून खोल पाण्यात जड फ्लाय टाकायची असल्यास २७५ ग्रेनच्या आसपासचे आखूड स्कॅजिट हेड अधिक उपयुक्त होय.

चुकीच्या निवडीची लक्षणे

दोरी फार हलकी असल्यास काठी पुरेशी वाकत नाही व फेक मध्येच गळून पडते. फार जड असल्यास काठीचे टोक दबते, दोरीचा वळसा रुंद होतो व ती पाण्यावर आदळते. हेड फार लांब असल्यास ते पाण्यातून नीट उचलले जात नाही. फार आखूड असल्यास पाण्यावर टेकलेले टोक वेळेपूर्वीच सुटते. वेष्टन हरवलेल्या हेडचे वजन सोनाराच्या काट्यावर ग्रॅममध्ये करून त्यास १५.४ ने गुणल्यास ग्रेनमधील वजन मिळते.