डोंगरावरचे घर उघडताना

मे १८५० मध्ये ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावाकडून माथेरानचा डोंगर चढून गेले आणि पुढे त्या माथ्यावर गोऱ्या अंमलदारांची, त्यांच्या मागोमाग मुंबईच्या पारशी, बोहरी व गुजराती धनिकांची घरे उभी राहिली, हा इतिहास तेथील प्रत्येक मार्गदर्शक प्रवाशांना ऐकवतो. परंतु ती घरे उभी करण्यासाठी लागलेली तुळई, कौल, घंगाळ आणि पलंग हे सारे कोणाच्या पाठीवरून वर गेले, याचा उल्लेख त्या कथेत येत नाही. सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने स्वखर्चाने बांधलेली, दोन फूट अंतराच्या रुळांवरची नेरळ–माथेरान आगगाडी १९०७ मध्ये सुरू झाली, तोपर्यंत माणूस आणि जनावर यांखेरीज वाहनच नव्हते. आणि आजही, खाजगी मोटार दस्तुरी नाक्यावर सोडून द्यावी लागत असल्यामुळे, घरात येणाऱ्या बहुतेक जड वस्तूंचा शेवटचा अडीच-तीन किलोमीटरांचा प्रवास हातगाडीवर, घोड्यावर किंवा कोणाच्या तरी डोक्यावरूनच होतो.

आमच्या मामेसासऱ्यांच्या वाट्याचे असे एक जुने कौलारू घर या डोंगरावर आहे. दिवाळीच्या आधी कुटुंबातली थोरमोठी माणसे मुलाबाळांसह तेथे मुक्कामाला जातात. पावसाळ्यात सुमारे पाच हजार मिलिमीटर पाऊस झेललेले, चार महिने कुलूपबंद राहिलेले ते घर राहण्याजोगे करण्याचा जो शिरस्ता तेथील माळीमामांनी घालून दिलेला आहे, तो यंदा मला आरंभापासून पाहावयास मिळाला. त्यांना माळी म्हणावयाचे ते केवळ रूढीने. बागेत चार जास्वंदी आणि एक सोनचाफा याहून अधिक काही नाही, आणि त्यांचे खरे काम म्हणजे घराची राखण, डागडुजी व जमाखर्च.

पहिला दिवस सामानाचा. नाक्यावर दरपत्रकाचा फलक आहे, तरी घासाघीस चुकत नाही. तांदळाचे पोते, गॅसची टाकी आणि चुन्याचे डबे घोड्यावर गेले. गाद्यांची वळकटी आणि पत्र्याची पेटी मात्र दोघी बायांनी घेतली. डोंगराच्या उतारावरील वाड्यांमधून रोज पहाटे भाजी, लाकूडफाटा घेऊन वर चढणाऱ्या ठाकर आणि कातकरी बायांपैकी त्या होत्या. त्यांतली थोरली, पेटी उचलण्यापूर्वी, पदराची चुंबळ दोनदा मोडून पुन्हा वळत होती. पेटीचा जड कोपरा कोणत्या बाजूस आहे हे तिने आधी हाताने चाचपून पाहिले आणि तो कपाळाकडे न येता मागे राहील अशा बेताने चुंबळ किंचित पुढे सरकवली; मग पेटी डोक्यावर चढताच तिची मान अशी स्थिर झाली की लाल मातीच्या चढावर पावले वाकडीतिकडी पडत असतानाही पेटीची कडी वाजली नाही. माथेरानातल्या हातरिक्षा बंद करण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा २०२५ चा आदेश योग्यच आहे, माणसाने माणसाला ओढावे ही गोष्ट शोभणारी नव्हती. परंतु डोक्यावरच्या ओझ्याचा निकाल अद्याप कोणी लावलेला नाही, आणि सुटी घालवावयास आलेल्या आमच्यासारख्यांना तो प्रश्न पेटीचे पैसे चुकते करण्यापुरताच आठवतो.

घर उघडावयाचे म्हणजे दारे-खिडक्या सताड उघडावयाच्या, ही शहरी समजूत मामांच्या राज्यात चालत नाही. सागवानी दारे ओलाव्याने फुगून चौकटीत घट्ट बसलेली होती. मेहुण्याने एका दाराला खांदा लावताच मामा धावत आले.

“ओढाताण नको, दादा. तासलंत तर उन्हाळ्यात फट पडेल. आधी चूल पेटू द्या, दार आपणहून सैल होतंय.”

म्हणून पहिल्यांदा उघडले ते स्वयंपाकघर. तेथे दोन दिवस चूल अखंड धुमसत राहिली, आणि तिच्या उबेने लगतच्या खोल्यांची हवा कोरडी पडू लागली. बाकीच्या खिडक्या दव उडून गेल्यावर उघडावयाच्या आणि धुके चढण्याच्या आत, चहाच्या सुमारास, न चुकता लावून घ्यावयाच्या. गाद्या चुलीवरच्या माळ्यावर, जाड कापडात बांधून ठेवलेल्या असतात. त्यांना प्रथम सावलीत वारा आणि मगच ऊन. बरणीतल्या मिठाचे पाणी झाले होते, चामड्याच्या पट्ट्यावर हिरवट बुरशी आली होती, पुस्तकांची बांधणी सुटली होती. भिंती मात्र, चुन्याच्या असल्याने, पांढऱ्याच होत्या. शेजारच्या बंगल्यात कोणी हौसेने तेलाचा रंग दिला होता, त्याला सर्वत्र फोड आलेले दिसत होते.

छपराची तपासणी मात्र पाहण्यासारखी. माथेरानच्या माकडांना मंगलोरी कौले उचकटण्याचा जन्मसिद्ध हक्क असल्यासारखे ती वागतात, तेव्हा दर साली काही कौले फुटलेली वा सरकलेली असणारच. मामांनी भर दुपारी एकेका खोलीच्या दारे-खिडक्या लावून घेतल्या, आम्हां सर्वांना बाहेर घालवले, आणि अंधाराला डोळे सरावेपर्यंत आत निमूट उभे राहिले. मी मात्र विनंती करून कोपऱ्यात थांबले होते. हळूहळू छपरात उजेडाचे टिपके दिसू लागले. प्रत्येक टिपक्याच्या नेमके खाली त्यांनी फरशीवर कोळशाने फुली मारली. एवढ्याने काम झाले असे मला वाटले, पण मग दार उघडून ते वाशांवरील पाण्याचे डाग वाचू लागले, कारण पाणी शिरते एकीकडे आणि रिपेवरून ओघळत जाऊन टपकते भलतीकडे. दोन फुल्या त्यांनी पायाने पुसल्या, तर जेथे उजेड मुळीच नव्हता अशा एका जागी नवी फुली काढली. दुसऱ्या दिवशी छपरावर चढलेल्या त्यांच्या मुलाला त्याच जागी कोनाखालचे एक कौल उभे चिरलेले सापडले. अभियांत्रिकीची पदवी पदरी असलेल्या माझ्या दिराने यावर पुष्कळ प्रश्न विचारले. मामांनी त्यांतल्या निम्म्यांना मान डोलावली.

मुलांना यांतले काही नको होते. त्यांना शार्लट तलाव, घोडा आणि चिक्की एवढेच ठाऊक. सासूबाईंनी तांब्याचा बंब चिंचेने घासून लख्ख केला आणि पहिल्या पाण्याने स्वतः न्हाऊन घेतले, तेव्हा घरात मुक्काम पडला असे सर्वांनी मानले.

निघण्याच्या आदल्या रात्री मामा वही घेऊन बसले. या घरातली कोणतीही वस्तू सहजी टाकून दिली जात नाही, याचे कारण त्या वहीत आहे: प्रत्येक नोंदीपुढे किमतीच्या शेजारी वर आणण्याची मजुरी मांडलेली असते, आणि कित्येक ठिकाणी ती किमतीच्या तोडीस तोड भरते. तीन पायांच्या कपाटाला चौथा पाय विटेचा आहे तो याच हिशेबाने. मेहुण्याने नवा लोखंडी पलंग घेण्याची गोष्ट काढली, मामांनी वही न मिटता विचारले, “सुटा होतो का?” तो सुटा होत नव्हता. कौले वीस मागवावयाची ठरली, कारण वीस निघाली की सोळा धड पोचतात. आणि तीही दिवाळीची गर्दी ओसरल्यावर, कारण तोवर घोडे प्रवाशांच्या दिमतीला असतात. तोपर्यंत मधल्या खोलीच्या फुलीवर पातेले ठेवावयाचे, अवकाळीचा नेम नाही, एवढे सांगून त्यांनी सासूबाईंची वहीवर सही घेतली.