कोपऱ्यातून माइकपर्यंत

‘आयेगा आनेवाला’ आज आपण जुनं गोड गाणं म्हणून ऐकतो. दिग्दर्शक कमाल अमरोहींना १९४९च्या ‘महल’ चित्रपटात त्यातून अंगावर काटा आणायचा होता. रिकाम्या हवेलीत अशोककुमारला बाईचा आवाज ऐकू येतो, तो लांबून हळूहळू जवळ येतो, आणि बाई काही दिसत नाही. अंधार-सावल्यांचं काम जोसेफ विर्शिंगच्या कॅमेऱ्याकडे होतं. पण आवाजाला लांब नेऊन परत आणणारं यंत्र बॉम्बे टॉकीजच्या स्टुडिओत नव्हतं.

मग गायिकेलाच चालवायचं ठरलं. माइक खोलीच्या मधोमध ठेवला. विशीच्या उंबरठ्यावरच्या लता मंगेशकर कोपऱ्यात उभ्या राहिल्या आणि सुरुवातीच्या संथ ओळी गात पावलापावलाने पुढे सरकू लागल्या. माइकपाशी पोचायचं ते नेमकं मुखड्याला. आधी नाही, नंतरही नाही. हा किस्सा लतादीदींनी पुढे स्वतःच सांगितला. त्यांची अनवाणी गायची सवय त्या दिवशी फार कामाला आली असणार. चप्पल वाजली असती तर टेक गेलाच!

गायिका माइकपासून दुप्पट लांब गेली की थेट पोचणारा आवाज साधारण सहा डेसिबलने पडतो. भिंतींवर आपटून येणारा घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. म्हणजे लांबच्या आवाजात माणूस कमी आणि खोली जास्त ऐकू येते. नुसतं बटण फिरवून आवाज बारीक केला असता, तर बाई लांब वाटली नसती, हळू गातेय एवढंच वाटलं असतं. कान इथे फसत नाही. ती जवळ येते तसा घुमारा मागे पडतो, शब्दांच्या कडा स्पष्ट होतात, आणि पडद्यावर अजून कुणीच नाही. खरी धास्ती तिथे बसते. हल्लीच्या भयपटांतला एकदम कानठळ्या बसवणारा दणका मला त्यापुढे फुटकळ वाटतो. दुसऱ्यांदा पाहताना आपण आधीच कानांवर हात ठेवून बसलेले असतो.

खेमचंद प्रकाशांची ही चाल गाजली, पण तबकडीवर गायिकेचं नाव होतं ‘कामिनी’. ते मधुबालाच्या पात्राचं नाव. ही कामिनी कोण, असं श्रोत्यांनी विचारून विचारून रेडिओला भंडावलं, तेव्हा कुठे तबकडी काढणाऱ्या एचएमव्हीकडून खरं नाव मिळवून ते जाहीर झालं.