सावकाश वाढणारा गर्भ

अंधेरी, बोरिवली किंवा मुलुंडला राहत असाल, तर पेरूच्या अथवा देशी बदामाच्या झाडाखाली चघळून टाकलेला फळांचा चोथा तुम्ही सकाळी पाहिला असेल. रात्री तेथे जेवून गेलेला पाहुणा बहुधा आखूड नाकाचे फलाहारी वटवाघूळ असतो. त्याचे शास्त्रीय नाव सायनॉप्टेरस स्फिंक्स.

याची मादी वर्षातून दोनदा विते; दर खेपेस पिल्लू एकच. वाराणसीच्या वटवाघळांवरील मीनाकुमारी व अमिताभ कृष्णा यांचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात एक गंमत दिसली. ऑक्टोबरअखेर राहिलेला गर्भ सुमारे १५० दिवसांनी, मार्चअखेर जन्मतो. एप्रिलमध्ये राहिलेल्या गर्भाला मात्र सुमारे १२५ दिवसच पुरतात. मग हे जास्तीचे २५ दिवस कशासाठी?

सूक्ष्मदर्शकाखाली उत्तर मिळाले. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये गर्भाची वाढ फारच मंदावते आणि नंतर एकदम वेग घेते. याच दोन महिन्यांत मादीच्या अंगात चरबी साठत असते.

वाढीची ही गती कोण ठरवते? अंडे बाहेर पडल्यावर अंडाशयात त्या जागी पीतपिंड तयार होतो. तो प्रोजेस्टेरॉन नावाचे संप्रेरक रक्तात सोडतो. गर्भाशयाने गर्भाला आसरा व पोषण द्यावे, ही आज्ञा या संप्रेरकाची. वाढ मंदावलेल्या काळात त्याचे रक्तातील प्रमाण कमी असते; ते वाढले की गर्भही झपाट्याने वाढू लागतो.

युरोपातील मिनिऑप्टेरस वटवाघळे याच्याही पुढे जातात. त्यांचा गर्भ पेशींच्या पोकळ गोळ्याच्या अवस्थेत, गर्भाशयाला न चिकटता सारा हिवाळा काढतो आणि वसंतात रुजतो. याला ‘विलंबित रोपण’ म्हणतात. आपल्या वटवाघळाचा गर्भ आधी रुजतो व मग रेंगाळतो, हा दोहोंतील फरक ध्यानात ठेवा.

या विलंबामुळे बहुतेक माद्या एकाच सुमारास वितात, असे संशोधकांना वाटते. दूध पाजणाऱ्या आईला भरपूर खाणे लागते. पिल्लू अवेळी जन्मले आणि फळे नसली, तर ते एकुलते पिल्लूही जगणे कठीण.

महाराष्ट्रातही नागपूरच्या विज्ञान संस्थेत प्रा. ए. गोपालकृष्ण यांनी वटवाघळांच्या भ्रूणांचा दीर्घकाळ अभ्यास केला. तुम्हीही सुरुवात करू शकता. कोणत्या महिन्यात कोणत्या फळाचा चोथा पडतो, याची वर्षभर वहीत नोंद ठेवा. मात्र वटवाघळांना हात लावू नका आणि त्यांच्या झाडाला त्रास देऊ नका. हिवाळ्यात तेथे लटकलेल्या मादीच्या पोटात एक जीव सावकाश वाढत असेल.