शालेय ई-पत्रव्यवहार आणि परभाषेचे अध्यापन

आपल्या शाळांत परभाषेतील पत्रलेखन बहुधा परीक्षेपुरते उरले आहे. विद्यार्थी काल्पनिक मित्राला पत्र लिहितो. ते वाचतो मात्र परीक्षक, आणि त्याला मजकुरापेक्षा चुकांशी अधिक कर्तव्य असते. दोन देशांतील शाळांनी ई-मेलद्वारा पत्रव्यवहार करावा या कल्पनेचे मर्म यंत्रात नसून पत्राला खरा वाचक मिळतो यात आहे.

कल्पना ई-मेलहून जुनी आहे. सेलेस्तँ फ्रेने या फ्रेंच शिक्षकाने १९२६ साली दक्षिण फ्रान्समधील आपल्या डोंगराळ गावातील मुलांचा ब्रिटनीच्या समुद्रकाठच्या एका शाळेशी पत्रव्यवहार जुळवून दिला. १९९२ मध्ये अमेरिकेतील सेंट ओलाफ महाविद्यालयातून वर्गावर्गांना ई-मेलने जोडून देणारी योजना निघाली. त्याच दशकात जर्मनीतील बोखुम विद्यापीठाने ‘टँडेम’ पद्धतीचा पुरस्कार केला. टँडेम म्हणजे दोघांनी चालवावयाची सायकल. प्रत्येकाने निम्मे पत्र स्वतःच्या व निम्मे दुसऱ्याच्या भाषेत लिहावयाचे आणि एकमेकांच्या चुका सुधारावयाच्या. परस्परता हे या पद्धतीचे पहिले तत्त्व होय.

हे तत्त्व आपल्याकडे आले की अडखळते. बेंगळुरूचे पीण्या औद्योगिक क्षेत्र घ्या. तुमकूर रस्त्यालगत सुटे भाग घडविणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांची ही वसाहत. यंत्रे जर्मन वा जपानी बनावटीची असणे येथे नवलाचे नाही, आणि कामगारांच्या मुलांच्या कानांवर कन्नड, तमिळ, तेलुगू, दखनी, हिंदी व बेळगावकडची मराठी एकाच गल्लीत पडू शकते. अशा वस्तीतील मुलगी जर्मन शिकू लागली आणि तिला जर्मनीत पत्रमैत्रीण मिळाली, तर त्या मैत्रिणीला बदल्यात काय हवे असेल? कन्नड नव्हे, मराठीही नव्हे, इंग्रजी. म्हणजे आपल्या मुलीने जी भाषा स्वतःच वर्गात शिकली, तिची मार्गदर्शक व्हावयाचे, आणि घरची भाषा पत्राबाहेर ठेवावयाची. सायकल दोघींची खरी, पण एकीचे पाय पेडलपर्यंत पोचत नाहीत.

उपाय पत्राच्या विषयात शोधावा लागतो. एक उदाहरण देतो. जर्मनमध्ये ‘डू’ आणि ‘झी’ अशी दोन संबोधने आहेत. आपल्याकडे ती बहुधा इंग्रजीतून शिकविली जातात, आणि इंग्रजीजवळ एकच ‘यू’ असल्याने शिक्षकाला ‘औपचारिक’, ‘अनौपचारिक’ अशी लेबले लावावी लागतात. वस्तुतः कन्नड मुलाजवळ ‘नीनु’ व ‘नीवु’, मराठी मुलाजवळ ‘तू’ व ‘तुम्ही’ (शिवाय ‘आपण’) अगोदरच असतात. मात्र सीमारेषा निराळी आहे. जर्मन मूल आजोबांनाही ‘डू’ म्हणते आणि अपरिचित दुकानदाराला ‘झी’. पुष्कळ मराठी घरांत आई व आजी ‘तू’, तर वडील व आजोबा ‘तुम्ही’ असतात; कन्नड घरांतही असा भेद आढळतो. देवाला मात्र तिन्ही भाषा एकेरीतच हाक मारतात! ‘तुझ्या घरी कोण कोणाला काय म्हणते?’ एवढाच प्रश्न दोन्ही वर्गांनी एकमेकांना विचारावा. त्याचे उत्तर पाठ्यपुस्तकात नाही. पीण्यातील मुलीला ते द्यावयाचे तर कन्नड किंवा मराठी समजावून सांगावी लागते, तेही जर्मनमधून. आणि त्या विषयात तीच अधिकारी असते. येथे परस्परता पुन्हा साधते.

व्यावहारिक अडचणी थोडक्यात. जर्मनी आपल्यामागे उन्हाळ्यात साडेतीन व हिवाळ्यात साडेचार तास असते. संभाषणाला हे गैरसोयीचे, पण पत्राला नाही. उलट विचार करून लिहिण्यास मिळणारा अवकाश हाच ई-मेलचा गुण. एकच संगणक असला तरी चालते. यांत्रिक भाषांतराचा मोह मोठा आहे. म्हणून पहिला खर्डा वर्गात, वहीत, हाताने व्हावा.

धोरणाची चंचलता ही अधिक गंभीर बाब. केंद्रीय विद्यालयांत २०११ पासून संस्कृतला पर्याय म्हणून तिसऱ्या भाषेच्या जागी शिकविली जाणारी जर्मन २०१४ च्या नोव्हेंबरात, शैक्षणिक वर्षाच्या मध्यावरच, त्या जागेवरून काढली गेली. संस्कृतचा कैवार घेणे वेगळे आणि वर्ष अर्ध्यावर असताना भाषा बदलणे वेगळे. पत्रमैत्रीला निदान दोन वर्षे लागतात. पहिले वर्ष परिचयात जाते. दुसऱ्या वर्षी मुले एकमेकांच्या चुका संकोच न बाळगता दाखवू लागतात.