पोमरोलची माती, नवलगुंदची माती

धारवाड जिल्ह्यातल्या अळणावरच्या एका वाचकांनी विचारलंय: फ्रान्समधल्या पोमरोलची लाल वाइन एवढी नावाजली, ती मातीतल्या लोहामुळे का? लोह तर अळणावरच्या तांबड्या मातीतही आहे, आणि तिथं भात पिकतो.

बोर्दो भागातलं पोमरोल जेमतेम 800 हेक्टरांचं. 1936 पासून या नावाला कायद्याचं संरक्षण आहे. द्राक्ष मुख्यतः मेर्लो. लोहाच्या मातीची चव वाइनमध्ये उतरते, असं विकणारे रंगवून सांगतात. मला ते मुळीच पटत नाही. मुळं क्षार शोषतात हे खरं, पण रंग, तुरटपणा आणि सुगंधाची घडण मण्यात होते, पुढचं काम यीस्ट करतं.

या गोष्टीत बोर्दोचे संशोधक जेरार सगँ यांचं नाव क्वचितच येतं, याची मला खंत वाटते. उत्तम वाइनच्या बागांमधली माती त्यांनी तपासली. बोर्दोतल्याच मेदोकमध्ये खडीगोटे, पोमरोलमध्ये चिकणमाती. रसायनात काही साम्य नाही. साम्य होतं ते पाण्याच्या वागण्यात: वेलीला पाणी मिळतं, पण बेताचं; पाऊस कोसळला तरी मुळं तुंबत नाहीत, ताण पडला तरी वेल सुकत नाही. मण्यात पाणी उतरण्याआधी, म्हणजे तो मऊ पडून रंगू लागण्याआधी, असा हलका ताण बसला की शेंडे वाढायचे थांबतात, मणी लहान राहतो. रसाच्या मानाने साल जास्त, म्हणून रंग आणि टॅनिनही जास्त.

पोमरोलमधल्या पेत्र्यूसच्या बागेत हे काम फुगणारी चिकणमाती करते. तिच्यातली स्मेक्टाइट खनिजं आपल्याला परकी नाहीत. धारवाडच्या पूर्वेला नवलगुंद, अण्णिगेरीकडे उन्हाळ्यात भेगाळणारी काळी माती त्याच घराण्यातली. पावसाळा सरल्यावर तिथला शाळू साठलेल्या ओलीवर तगतो, तो याच गुणामुळे.

तरी नवलगुंदला पोमरोल होत नाही. पोमरोलला द्राक्ष सप्टेंबरच्या आसपास पिकतं. इथं तेव्हा पावसाळा असतो. नाशिकच्या बागायतदारांनी यावर केलेला उपाय मला पोमरोलच्या मातीइतकाच मोलाचा वाटतो. एप्रिलच्या सुमारास नव्या काड्यांसाठी खरड छाटणी, पावसाळ्याच्या अखेरीस फळांसाठी गोडी छाटणी. मग घड हिवाळ्याच्या कोरड्या हवेत पिकतात. पोमरोलची वेल बहुतांशी पावसाच्या पाण्यावर असते, म्हणून तिथं ताण माती ठरवते. नाशिकला तो ठिबकचा व्हॉल्व्ह फिरवणारा शेतकरी ठरवतो.