तान्हुलीबरोबर फ्लॉरेन्स

‘‘सात महिन्यांच्या लेकराला घेऊन फिरायला जायचं? तेही इटलीत? काही गरज आहे का?’’

माझ्या भाचीला हे सासरहून ऐकावं लागलं आणि माहेरहूनही. थंडी बाधेल, पाणी बाधेल, दृष्ट लागेल. भाची जर्मनीत म्युनिकला असते. तिला मदत म्हणून मी चार महिने तिच्याकडे राहायला गेले होते. बाळ गुटगुटीत, हसरं होतं. कोमेजून चालली होती ती त्याची आई! नवरा सकाळी बाहेर पडला की संध्याकाळीच परत. दिवसभर दूध, दुपटी, झोप आणि खिडकीतून दिसणारं तेच एक झाड. बाळाचं वजन दर महिन्याला करतात, बाळंतिणीच्या मनाचं कोण करतं? बाळाच्या डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, खुशाल जा. मग आम्ही दोघी आणि आमची नात अशा तिघी रेल्वेनं निघालो.

मैत्रिणींनो, फ्लॉरेन्स हे शहर म्हणजे कलेचं माहेरघर. तिथले लोक त्याला फिरेंझे म्हणतात. जिकडे बघावं तिकडे चर्च, पुतळे, राजवाडे. पण तान्हं मूल बरोबर असलं की शहर वेगळंच दिसायला लागतं. मोठ्या चर्चच्या प्रसिद्ध घुमटावर जायला ४६३ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. शेजारच्या जोत्तोच्या मनोऱ्याला ४१४! आम्ही दोन्हींना खालूनच नमस्कार केला. रस्ते दगडी फरशांचे, पदपथ हातभर रुंद. बाबागाडीची चाकं खडखडायची आणि झोपलेलं बाळ जागं व्हायचं. दुसऱ्या दिवशी बाबागाडी खोलीवरच ठेवली आणि बाळाला छातीशी बांधायच्या झोळीत घेतलं. आपल्या पाड्यांवरच्या बाया लेकराला पाठीशी बांधून डोंगर चढतात, तोच प्रकार, फक्त याला बकलं लावलेली!

आम्ही एक नियम केला. दिवसाला एकच ठिकाण, तेही सकाळी, बाळाचं पोट भरलेलं असताना. दुपारी खोलीवर झोप. संध्याकाळी आर्नो नदीच्या काठानं फेरफटका, पोंते वेक्किओ या जुन्या पुलावरच्या सोनारांच्या दुकानांपर्यंत. (किमती विचारल्या नाहीत.) उफित्सी हे जगप्रसिद्ध चित्रसंग्रहालयही आम्ही दीड तासात आटोपलं. तिथे भिंतीभिंतीवर मेरी आणि तिचं बाळ. आमची नात त्या बाळांकडे बघून मोठमोठ्यानं हुंकार द्यायची. मला वाटलं, पहारेकरीण आता रागावणार. तर ती जवळ येऊन बाळाशीच बोबडं बोलायला लागली! बसमध्ये, दुकानात, हॉटेलात सगळीकडे तेच. बाळ दिसलं की अनोळखी माणसाचाही चेहरा खुलतो.

खाण्याची काळजी मला होती. नाचणीसत्त्वाचा डबा घेऊनच गेले होते. पण तिथल्या आयाही बाळाला वरचं अन्न सुरू करताना भाज्यांच्या पातळ सारात तांदळाची किंवा रव्याची पेज शिजवतात, वर ऑलिव्हचं तेल आणि किसलेलं चीज. पुढे मोहरीएवढा बारीक पास्ता देतात. आपल्या मऊ भाताचाच भाऊ म्हणा ना!

घुमटासमोर हिरव्या-पांढऱ्या संगमरवराची एक आठकोनी इमारत आहे. तिथे बाळांना बाप्तिस्मा देत. कवी दान्तेचाही तिथेच झाला. चौदाव्या शतकातल्या विल्लानी या इतिहासकारानं लिहून ठेवलंय, की तिथला पुजारी मुलगा असला की काळा घेवडा आणि मुलगी असली की पांढरा घेवडा बाजूला ठेवायचा. गावात किती लेकरं जन्मली, हे त्यावरून कळायचं. जन्ममृत्यूच्या नोंदवहीसाठी ग्रामपंचायतीत खेटे घालणाऱ्या माझ्यासारखीला हे ऐकून फार गंमत वाटली.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळ्याच एका वास्तूबद्दल. पर्यटकांची गर्दी तिकडे कमीच असते. ‘ओस्पेदाले देल्यी इन्नोचेंती’ म्हणजे निष्पापांचं रुग्णालय. खरं तर तो टाकलेल्या लेकरांचा आश्रम. ज्यानं चर्चचा तो अजस्र घुमट उभारला, त्याच ब्रुनेलेस्कीनं १४१९ मध्ये या इमारतीचं काम हाती घेतलं. पैसा सुरुवातीला दिला तो प्रातो गावच्या दातीनी नावाच्या व्यापाऱ्यानं, मृत्युपत्रात एक हजार सुवर्णमुद्रा ठेवून. पुढची जबाबदारी शहरातल्या रेशीम व्यावसायिकांच्या संघानं घेतली. ५ फेब्रुवारी १४४५ ला पहिलं बाळ आलं. मुलगी होती. त्या दिवशी संत आगाथाचा सण होता, म्हणून नाव ठेवलं आगाता स्मेराल्दा.

पहिली आलेली मुलगीच, आणि पुढेही टाकल्या जाणाऱ्यांत मुलीच जास्त असत. सहाशे वर्षांपूर्वीचं, सातासमुद्रापलीकडचं हे दुखणं वाचताना मला आपलंच गाव आठवलं.

दर्शनी कमानींवर निळ्या गोल तबकड्यांमध्ये पांढरीशुभ्र बाळं आहेत, दुपट्यात गुंडाळलेली, हात पसरलेली. आंद्रेआ देल्ला रॉब्बिया या शिल्पकारानं ती १४८७ मध्ये मातीत घडवली. ओसरीच्या टोकाला एक गजांची खिडकी आहे. आई रात्री येऊन गजांमधून बाळ आत सरकवायची आणि अंधारात निघून जायची. १८७५ मध्ये ही सोय बंद झाली. आता आत संग्रहालय आहे. तिथे छोट्या छोट्या खणांचं एक कपाट आहे. एकेका खणात अर्धं तोडलेलं पदक, मणी, चिंधी. बाळाबरोबर सोडलेल्या या खुणा. पदकाचा दुसरा अर्धा तुकडा आईजवळ. कधी दिवस बरे आले, तर तुकड्याला तुकडा जुळवून लेकरू परत नेता यावं म्हणून! भाचीनं चार-पाच खण बघितले आणि झोळीतल्या लेकीला घट्ट धरून बाजूला जाऊन उभी राहिली. मीही तिला हाक मारली नाही.

पुण्यात जोतिबा आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, ते याच करुणेपोटी. आज आपल्याकडे कायद्यानं आईला मूल बालकल्याण समितीकडे सोपवता येतं आणि विचार बदलायला दोन महिन्यांची मुदत मिळते. उकिरड्यावर बाळ सापडल्याची बातमी आली, की वाटतं, ही दोन महिन्यांची गोष्ट त्या मुलीला कुणी सांगितली असती तर...

आणखी एक गोष्ट मला तिथे गेल्यावर कळली. दरवर्षी १ ते ७ ऑगस्ट या दिवसांत आपण अंगणवाडीत जागतिक स्तनपान सप्ताह करतो. तक्ते लावतो, गरोदर बायकांना बोलावतो, चहापाणी करतो. तारीख १ ऑगस्टच का? तर १ ऑगस्ट १९९० ला याच इमारतीत जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या बैठकीत स्तनपानाचा जाहीरनामा मंजूर झाला. त्याचं नावच ‘इन्नोचेंती जाहीरनामा’. तेव्हा त्यात चार ते सहा महिने फक्त आईचं दूध, असं म्हटलं होतं. २००१ पासून जागतिक आरोग्य संघटना पूर्ण सहा महिने म्हणते आणि पुढे वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षं किंवा जास्तही. हे आपल्या सेविकाताई घसा कोरडा करून सांगत असतात. पण बाजाराच्या दिवशी तालुक्याला आलेल्या बाईनं तान्ह्याला पाजायचं कुठे? एस. टी. स्टँडवर हिरकणी कक्ष असला तर असला, कितीदा त्याला कुलूप! घरातून बाहेर पडली की बाटली हातात येते, ती यामुळेही.

इन्नोचेंतीच्या वरच्या मजल्यावर चारी बाजूंनी वारा खेळणारी एक गच्ची आहे. पूर्वी आश्रमातल्या बायका तिथे कपडे वाळत घालत. केवढी दुपटी वाळली असतील! आता तिथे छोटंसं कॉफीचं हॉटेल आहे आणि समोर तो घुमट दिसतो. बाळ भुकेनं कुरकुरायला लागलं. भाची ओढणी शोधायला लागली, तर शेजारच्या टेबलावरच्या आजीबाईंनी आपली खुर्ची सरकवून तिला सावलीत जागा करून दिली आणि पुन्हा वर्तमानपत्रात डोकं घातलं. भाचीनं बाळाला पाजलं, गार झालेली कॉफी प्यायली आणि मला म्हणाली, ‘‘मावशी, उद्या कुठे जायचं गं?’’